आडवा ठेवलेला पाट

“उठलीस ना? मग आधी पाट आडवा कर. बाकी सगळं थांबेल तोवर.”

हा आवाज माझ्या मालकिणीचा, मान्साचा, तिच्या लेकीशी बोलतानाचा. इतका हळू, की अंगणातल्या कोंबड्याही दचकायच्या नाहीत. आज इतकी वर्षं झाली, पण कुणी माझ्यावरून उठलं की मला तोच आवाज ऐकू येतो.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पाट आहे. तुम्ही जेवायला घेता तसा सपाट नव्हे. मी गुडघ्याएवढा उंच आहे. माझी बसायची बाजू मधे खोलगट आणि दोन्ही टोकांना वर वळलेली, होडीसारखी. खाली चार खांब, मधोमध पाचवा जाड खांब, आणि त्याखाली सपाट तळ. हे सगळं एकाच ओंडक्यातून कोरलेलं. कुठे खिळा नाही, कुठे जोड नाही. आमच्या बेपोसो गावात एके काळी घरटी असे दोन-तीन पाट असत. माणूस उठला की पाट कुशीवर आडवा करायचा, असा आमच्याकडचा रिवाज. ज्याचा पाट त्याचा जीव त्यात थोडा उरतो, असं आमची माणसं मानतात. रिकामा पाट उभा राहिला तर नको ते येऊन त्यावर बसतं. म्हणून उठता उठता हात खाली जायचाच.

मला घडवलं बादूने. मान्साचा थोरला भाऊ तो. तेव्हा तो अहविया गावी एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली शिकत होता. मी ज्या झाडात होतो, ते तोडायच्या आधी म्हाताऱ्याने बुंध्याशी अंडं फोडलं आणि हात जोडून झाडाची क्षमा मागितली. बादूला घाई होती. तो म्हणाला, एवढा वेळ कशाला घालवायचा. म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ज्याच्या अंगावर कुऱ्हाड चालवायची त्याला निदान सांगायला तरी हवं की नको, एवढंच तो बोलला.

मग वाकस आला, पटाशी आली. पांढऱ्या ढलप्या उडाल्या. मी बादूच्या हातचा पहिलाच पाट. त्याने जीव ओतला, पण डोळ्याचा अंदाज अजून तयार झाला नव्हता. माझी एक कड दोन बोटं जाड राहिली. म्हाताऱ्याने मला उचललं आणि आडवं केलं. जड कड आधी जमिनीला लागली. ठक्. त्याने मला पुन्हा उभं करून पुन्हा आडवं केलं. ठक्.

“हा गप्प राहणारा पाट नाही,” तो म्हणाला. “गिऱ्हाइकाला देऊ नकोस. घरी ने.”

बादूचा चेहरा उतरला. त्याने मला गोणपाटात गुंडाळून घरी आणलं आणि बहिणीपुढे ठेवलं. खोट आहे, हे त्याने स्वतःच सांगून टाकलं. मान्साने मला आडवं करून पाहिलं. आवाज ऐकून तिला हसू आलं. बरंच झालं, ती म्हणाली, मी विसरले तर हा आठवण देईल.

ते माझे सोन्याचे दिवस, मित्रांनो. मान्सा गावाच्या वेशीवर, मोठ्या रस्त्याच्या कडेला पिकली केळी भाजून विकायची. सकाळी ती मला डोक्यावर घेऊन जायची, संध्याकाळी डोक्यावर घेऊन यायची. कोळशावर केळ्याची साल तडतडायची, शेंगदाण्यांची पुरचुंडी बांधली जायची. मी तिच्याखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला ओळखायला शिकलो. कुमासीहून आलेली एक बाई एकदा माझ्यासाठी हटून बसली होती. असा पांढराशुभ्र पाट शहरात मिळत नाही, म्हणत होती. मान्साने तिला दोन केळी जास्त दिली, पाट दिला नाही.

मी पांढरा राहिलो तो मान्साच्या नेमामुळे. दर शनिवारी ती मला ओढ्यावर न्यायची. ओली वाळू आणि लिंबाची फोड घेऊन मला अंगभर घासायची आणि उन्हात ठेवायची. रविवारी प्रार्थनेला जाण्याआधी घरातलं सगळं स्वच्छ असावं, असं तिचं व्रतच होतं. ताप असो, पाहुणे असोत, शनिवार चुकला नाही. कुणी विचारलं तर ती म्हणायची, नेम म्हणजे नेम. सोयीने पाळला तर तो नेम कसला.

मग फ्रेमा जन्मली, मान्साची एकुलती एक लेक. ती माझी वळलेली कड धरून उभी राहायला शिकली. तीन वर्षांची झाली तेव्हा दोन्ही हातांनी मला आडवं पाडायची आणि ठक् झालं की टाळ्या पिटायची. उजव्या-डाव्याचं वळण मात्र तिला सोसून शिकावं लागलं. आमच्याकडे डावा हात मोठ्यांपुढे करत नाहीत. देणं उजव्या हाताने, घेणं उजव्या हाताने, रामराम उजव्या हाताने. उजव्या हातात ओझंच असेल तर आधी क्षमा मागायची, मग डावा पुढे करायचा. फ्रेमाने डाव्या हाताने बिस्किट घेतलं की मान्सा ते परत काढून घ्यायची. ओरडायची नाही. बिस्किट धरून नुसती बसून राहायची. उजवा हात पुढे आला की मग द्यायची.

फ्रेमा मोठी झाली आणि माझे दिवस फिरले. गावात निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. हलक्या, टेकायला पाठ असलेल्या, एकावर एक रचता येणाऱ्या. मान्साचे गुडघे दुखायला लागले होते, तिला खुर्ची मानवली. वाईट वाटून घ्यायचं कारण नव्हतं, तरी मला वाटलं. मी स्वयंपाकाच्या छपरामागे गेलो. माझ्या पोटातल्या खोलगट जागेत एक राखाडी कोंबडी अंडी घालू लागली. शनिवारी मान्सा माझ्याकडे बघायची, गुडघ्यावर हात ठेवायची, आणि आत जायची. फ्रेमा तोवर विद्यापीठात गेली होती. लहान मुलांना गणित कसं शिकवावं, हे ती शिकत होती.

आणि मग ते साथीचं वर्ष आलं.

मार्च महिन्यात एका दुपारी फ्रेमा गादी, पिशवी आणि चहाची किटली घेऊन घरी परतली. विद्यापीठ बंद झालं होतं. चर्च बंद झालं. फाटकाशी नळ बसवलेली बादली आणि साबण आला. माणसं एकमेकांना भेटली की हात पुढे व्हायचे आणि मधेच थांबायचे, मग छातीशी जायचे. आमच्या गावात हातात हात घेतल्याशिवाय बोलणं सुरू होत नसे. त्या दिवसांत सगळी बोलणी अर्धवट वाटायची.

महिन्याभराने निरोप आला, की वर्ग आता फोनवर भरतील. बादूमामा अंगणात मुसळ तासत बसले होते. आता ते पिकल्या केसांचे झाले होते, आणि घरात त्यांचा शब्द शेवटचा. आमच्याकडे भाचीचं भलंबुरं मामाच बघतो.

“म्हणजे गुरुजी फोनमध्ये बसणार आणि तू फोनसमोर,” ते म्हणाले. “मग विद्या कुठून येणार? चार्जरमधून?”

“मामा, मलाही नकोच आहे ते,” फ्रेमा म्हणाली. “सगळं उघडलं की जाईन. वर्ष गेलं तर गेलं.”

पहिला आठवडा ती बसलीच नाही. तिच्यासारखेच पुष्कळ होते. एकसष्ट जणांच्या वर्गात एकोणीस हजर होते, असं तिला वर्गप्रतिनिधीने फोन करून सांगितलं. येबोआ त्याचं नाव. कुणाकडे रेंज नव्हती, कुणाच्या घरात शांतता नव्हती, कुणाचं मनच घेत नव्हतं. पण येबोआने आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांचे गणिताचे प्राध्यापक डॉक्टर क्वार्टेंग रोज एकसष्टच्या एकसष्ट नावं वाचतात. जे नसतात त्यांच्या नावापाशी थोडं थांबतात, मग पुढे जातात.

“तुझ्या नावापाशीही थांबतात, फ्रेमा. आम्ही सगळे ऐकतो ते थांबणं.”

डॉक्टर क्वार्टेंग त्रेसष्ट वर्षांचे होते. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. फ्रेमा त्यांना मानायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रेंज शोधायला निघाली.

रेंज सापडली ती स्वयंपाकाच्या छपरामागे, संत्र्याच्या झाडाखाली. नेमकी माझ्या शेजारी. तिथे पाणी ओतून ओतून माती कायम मऊ झालेली. फ्रेमाने निळी खुर्ची आणली. बसली तोच खुर्चीचे मागचे पाय मातीत गेले, आणि भावी मास्तरीणबाई आभाळाकडे बघत राहिल्या. खाली फळी घातली, ती कलली. मान्सा दारातून बघत होती. तिला कळेना हसावं की मदतीला धावावं.

“तो पाट घे ना,” ती म्हणाली. “त्याला सपाट तळ आहे. तो नाही रुतायचा.”

कोंबडीला उठवलं गेलं. मान्साने गुडघ्यांची पर्वा न करता मला स्वतः घासलं, शनिवार नसतानाही. मित्रांनो, इतक्या वर्षांनी अंगाला वाळू लागली तेव्हा मला कसं वाटलं असेल, ते तुम्हीच समजा. माझ्यासमोर फूफू, म्हणजे उकडलेल्या केळ्या-कंदांचा आमचा रोजचा गोळा, कुटायचं उखळ पालथं घातलं आणि त्यावर फोन उभा केला. म्हणजे वर्ग सुटल्याशिवाय उखळ मोकळं होणार नव्हतं. बादूमामांनी जाहीर केलं, की या घरात आता विद्यापीठाने परवानगी दिल्याशिवाय कुणाला फूफू मिळणार नाही.

मी असा एका नव्या वर्गात दाखल झालो.

आमच्या पहिल्या दिवशी डॉक्टर क्वार्टेंग पडद्यावर आले ते अर्धं कपाळ आणि छताचा पंखा एवढेच. मग फोन हलला, चेहरा आला. ते म्हणाले, “हे यंत्र मला कळत नाही. तुम्हालाही फारसं कळत नसणार. पण हात हातात घेता येत नाही, तर निदान दाखवता येईल. आजपासून नाव घेतलं की उजवा हात वर करा. मी बघेन, मग पुढचं नाव घेईन.”

एकेक नाव, एकेक हात. वीस मिनिटं गेली त्यात. फ्रेमाच्या नावाला ते थांबले नाहीत, हसले. फ्रेमानेही उजवा हात वर केला. मला तिच्या बसण्यातून कळलं, की तिचं अंग सैल झालं.

पण कुंपणापाशी बादूमामा उभे होते. वर्ग सुटल्यावर ते आले तेव्हा त्यांचा चेहरा काळवंडला होता.

“गुरुजींना डावा हात दाखवलास तू.”

“नाही मामा. उजवाच केला.”

“मी काय आंधळा झालोय? सगळ्या पोरांचा हात पडद्यावर या अंगाला. तुझ्या एकटीचाच त्या अंगाला. ये, बघ.”

तिने फोनमध्ये स्वतःचं चित्र लावून हात वर केला. खरंच, चित्रातली फ्रेमा बाकीच्यांच्या उलट अंगाचा हात वर करत होती. तिने हात खाली घेऊन पुन्हा वर करून पाहिला. मामांचं म्हणणं सरळ होतं. फोनला जे दिसतं तेच गुरुजींना दिसणार. मग चित्रात उजवा दिसेल तो हात वर करायचा. यंत्र उलटं चालत असेल तर आपण त्याच्या उलट चालायचं.

मान्साला ते पटलं नाही. वडीलधाऱ्यापुढे डावा हात उचलायचा, हे ऐकूनच तिने पदराला हात पुसले. पण भावापुढे ती बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून नाव आलं की फ्रेमा डावा हात वर करायची, मामा कुंपणाकडून मान डोलवायचे, आणि मान्सा चुलीपाशी डोळे मिटून पुटपुटायची, “क्षमा असावी.” रोज. एकदाही चुकली नाही.

तिकडे डॉक्टर क्वार्टेंग बदलले. फ्रेमाच्या नावापाशी आता ते थांबत नव्हते आणि हसतही नव्हते. तिने प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचे, पण स्वतः तिला काही विचारायचे नाहीत. एरवी ते ज्या मुलीला पहिलं उभं करायचे, तिच्याकडे त्यांची नजर वळेना. फ्रेमाला काही उमगेना. तिने दोष फोनला दिला. आईला म्हणाली, की या काचेत मी कुणाला दिसतच नाही. वर्गात असते तर सरांना माझा चेहरा वाचता आला असता. तोंडी परीक्षा झाली की मी हे बंद करणार.

ही तोंडी परीक्षा साधी नव्हती. प्रत्येकाने पंधरा मिनिटं मुलांना शिकवतो तसं शिकवून दाखवायचं, आणि डॉक्टर क्वार्टेंग त्यावर पास-नापास ठरवणार. त्यात गेलं की वर्ष गेलं. फ्रेमाच्या मनात मात्र वर्षाहून मोठं काहीतरी जाऊ घातलं होतं. मी शिक्षिका होईन, हा तिचा स्वतःवरचा विश्वास.

परीक्षेच्या दिवशी सकाळी पाऊस पडून गेला होता. संत्र्याचं झाड ठिबकत होतं. फ्रेमाने शेजारी शेंगदाण्यांचं ताट ठेवलं होतं, वजाबाकी शिकवायला. दहा दाणे, त्यातले तीन मांडीवर, किती उरले. मान्सा दारात. मामा कुंपणाशी. चौपन्न जण आले होते त्या दिवशी.

तिचं नाव आलं. तिने डावा हात वर केला.

डॉक्टर क्वार्टेंगनी पुढचं नाव घेतलं नाही. त्यांनी चष्मा काढला.

“फ्रेमा,” ते म्हणाले, “मी तीन आठवडे वाट पाहिली. तुझ्या उजव्या हाताला काही लागलंय का, बाळ?”

रागावले असते तर बरं झालं असतं. त्या प्रश्नात राग नव्हता, आणि म्हणूनच तो तिला सोसवला नाही. तीन आठवड्यांचा अर्थ तिला एका क्षणात कळला. रोज सकाळी, सगळ्या वर्गाच्या देखत, आपण या माणसाला काय दाखवत होतो. तिने हात खाली घेतला. त्यात झाडावरून थेंब पडून फोनची काच भिजली, चित्र गोठलं. ती उठली. आता परत बसायचं नाही, असं ती उठली. मला ते कळलं. माणूस कसा उठतो, हे पाटाइतकं कुणाला कळत नाही.

पण हात हाताचं काम करतो. पळून जातानाही तो खाली आला आणि त्याने मला आडवं केलं.

ठक्.

चित्र थांबलं होतं, आवाज मात्र पलीकडे पोहोचला.

“थांब,” फोनमधून हाक आली. “फ्रेमा, हा कसला आवाज?”

ती पाठमोरीच उभी राहिली. “पाट आडवा केला, सर.”

“तू पाटावर बसतेस?”

“हो सर. खुर्ची रुतते.”

मग नुसती खरखर आली, आणि चित्र पुन्हा हलू लागलं. नंतर डॉक्टर क्वार्टेंग बोलू लागले ते वर्गाशी नव्हे, जणू स्वतःशीच. त्यांच्या आईचाही असा पाट होता. सांजेला ती उठली की घरभर तो आवाज व्हायचा, आणि मुलांना कळायचं की आता दिवस संपला. “रागाने निघून जातानाही जी मुलगी पाट आडवा करते, ती मला डावा हात दाखवणार नाही,” ते म्हणाले. “काहीतरी मलाच समजलेलं नाही. सांग मला.”

ती सांगणार कशी? पण बादूमामा कुंपणापासून निघाले. ते आजवर त्या फोनसमोर आले नव्हते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, खांद्यावरचं कापड खाली घेतलं. आमच्याकडे चूक झाली की चुकणाऱ्याने स्वतः बोलायचं नसतं. वडीलधाऱ्याने मधे पडून रदबदली करायची असते. इथे चुकणाराही तेच होते आणि मधे पडणारेही तेच.

“सर, मी हिचा मामा, बादू. पोरीसाठी पदर पसरायला आलोय. अपराध माझा. तुमच्या यंत्रात तिचा उजवा हात डावा दिसला, म्हणून मीच तिला डावा करायला लावला. मी लाकूड कोरतो. डाव्या-उजव्याचा हिशोब चुकला तर पाट वाया जातो, हे मी पोरांना शिकवतो. आणि माझाच चुकला.”

येबोआच्या हसण्याचा आवाज आला, मग त्याने तो कसाबसा आवरला. आपलं स्वतःचं चित्र फोन आरशासारखं दाखवतो, असं त्याने समजावलं. समोरच्याला मात्र ते सरळ दिसतं. मामांनी हे दोनदा विचारून घेतलं. मग डॉक्टर क्वार्टेंग हसायला लागले. इतके हसले, की त्यांचा फोन पडला आणि पुन्हा छताचा पंखा दिसू लागला. त्यांच्यामागे सगळा वर्ग हसला. मान्सा दारात पदराने डोळे पुसत होती.

“झालं ते धुऊन टाकलं,” डॉक्टर क्वार्टेंग म्हणाले. कुणी रदबदली केली की असंच म्हणायचं असतं. “आता पाट सरळ कर, फ्रेमा. मला वजाबाकी येत नाही. शिकव.”

तिने शिकवलं. कसं शिकवलं, ते मी सांगत नाही. मला गणित कळत नाही. एवढं सांगतो, की पंधरा मिनिटं संपली तरी त्यांनी तिला थांबवलं नाही, आणि ताटातले शेंगदाणे नंतर मामांनी खाल्ले. त्या दिवसानंतर फोन बंद करायची भाषा घरात कुणी केली नाही. उरलेले सातही जण एकेक करून आले. फोन तोच होता, रेंजही तशीच लंगडी. फक्त त्या काचेपलीकडे माणूस बसलाय, याची खात्री सगळ्यांना पटली होती.

शेवटच्या दिवशी डॉक्टर क्वार्टेंग फ्रेमाला म्हणाले, की ही साथ सरली की मी तुझा हात हातात घेऊन रीतसर रामराम करणार आहे. आणि त्या बोलक्या पाटावर मला एकदा बसायचंय.

“मी पाट घेऊन येईन, सर,” फ्रेमा म्हणाली. “माझं वचन.”

वचन द्यायला क्षण लागतो, मित्रांनो. साथ सरली, विद्यापीठ उघडलं, आणि सगळेच घाईत धावू लागले. फ्रेमा पास झाली, दूर उत्तरेकडच्या शाळेत नेमणूक झाली. डॉक्टर क्वार्टेंग निवृत्त होऊन माम्पोंगच्या पुढे आपल्या आईच्या गावी गेले. फ्रेमा सुट्टीत यायची, दरवेळी मला बघून म्हणायची, पुढच्या सुट्टीत नक्की. मी पुन्हा छपरामागे गेलो. राखाडी कोंबडी गेली, तिची लेक आली. एका पावसाळ्यात मधल्या खांबाला चीर पडली. मान्सा आता काठी घेऊन चालते. मला राग नाही आला. फक्त त्या संत्र्याच्या झाडाखालच्या सकाळी आठवायच्या. एकेक नाव, एकेक हात. सगळं जग दारं लावून बसलेलं, आणि तरी इतकी माणसं एकमेकांना न्याहाळून बघणारी. तसं बघणं मी पुन्हा पाहिलं नाही.

गेल्या आठवड्यात फ्रेमा घरी असताना येबोआचा फोन आला. डॉक्टर क्वार्टेंगना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. बोलतात, चालतात, पण उजवा हात कायमचा गेला. जुने विद्यार्थी भेटायला गेले तर आतून निरोप येतो, की सर झोपलेत. ते झोपलेले नसतात. उजवा हात पुढे करता येत नाही, आणि डावा ते करणार नाहीत. म्हणून कुणाला भेटतच नाहीत.

फ्रेमाने फोन ठेवला आणि छपरामागे येऊन माझ्यासमोर उकिडवी बसली. माझ्या चिरेवरून तिने बोट फिरवलं.

मित्रांनो, मला तुम्हाला फार शिकवायचं नाही. मी लाकूड आहे. पण घरात एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात पडली असेल, तर तिला अधूनमधून पाणी दाखवा. नवं आलं म्हणून जुन्याला रुसू देऊ नका. कधी कधी नव्याला बसायला जुनंच लागतं. आणि कुणाचा हात तुम्हाला उलटा दिसला, तर रागावण्याआधी विचारा, की बाळा, लागलंय का काही? आणि दिलेलं वचन पावसात ठेवू नका. त्यालाही चीर पडते.

काल शनिवार होता. फ्रेमाने मला ओढ्यावर नेलं. वाळू, लिंबाची फोड. मान्सा काठीवर टेकून काठावर उभी राहिली आणि कुठे राहिलंय ते सांगत होती. बादूमामांनी चिरेत राळ भरली. त्यांच्या बोटांना आता कंप असतो, पण चीर नीट भरली.

आज सकाळी फ्रेमा चपलेचा बंद बांधायला माझ्यावर बसली. मामा समोर उभे होते.

“ते हात पुढे करणार नाहीत, पोरी.”

“मी करेन ना.”

“कुठला?”

फ्रेमाने बंदाची गाठ ओढून घट्ट केली. ती उठली, मला आडवं केलं. ठक्. आत मान्सा प्रार्थना करत होती, तिच्या ओठांची हालचाल क्षणभर थांबली. फ्रेमाने कापडाची चुंबळ वळून डोक्यावर ठेवली, त्यावर मला घेतलं, आणि फाटक लोटून रस्त्याला लागली. तिने मला उजव्या हाताने धरलं होतं. डावा हात मोकळा होता.